आउटबॅकमध्ये कॅरव्हॅन घेऊन निघालात? मग मुक्कामाचा एक दिवस असा ठेवा

स्टुअर्ट महामार्ग दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टापासून आउटबॅकमधून, म्हणजे देशाच्या विरळ वस्तीच्या आतल्या भागातून, थेट उत्तरेला डार्विनपर्यंत जातो. अंतर सुमारे २,७०० किलोमीटर. मेलबर्न, ॲडलेडकडची आपली मंडळी जून-जुलैच्या सुट्टीत कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेऊन निघतात, तेव्हा वहीत सगळं लिहिलेलं असतं: रोज किती किलोमीटर, इंधन कुठे भरायचं, झोपायचं कुठे. गाडी जागची न हलवण्याचा दिवस मात्र त्या वहीत बहुधा नसतो. वेळ उरला तर थांबू, असं ठरतं आणि वेळ कधीच उरत नाही.

नुसती गाडी चालवणं वेगळं आणि मागे दोन-अडीच टनांची कॅरव्हॅन ओढत नेणं वेगळं. समोरून रोड ट्रेन येते, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक. उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात तिची लांबी ५३.५ मीटरपर्यंत असू शकते. ती शेजारून जाताना हवेचा असा धक्का बसतो की स्टिअरिंग घट्ट धरावं लागतं. आडवा वारा असला तर दिवसभर हेच चालू राहतं. एक डोळा सतत आरशात असतो. काही ठिकाणी वेगमर्यादा १३० असली तरी कॅरव्हॅन मागे असताना ९०-१०० च्या पुढे जाऊ नये, त्यामुळे तास वाढतात. तिसऱ्या दिवशी चालवणाऱ्याचे खांदे आखडलेले असतात आणि लक्ष विरळ झालेलं असतं.

प्रवासात दुसरंही एक माणूस असंच दमतं, ते म्हणजे स्वयंपाक, भांडी आणि मुलांचे कपडे बघणारं. गाडी थांबली की चालवणाऱ्याचं काम संपतं, याचं तेव्हा सुरू होतं. म्हणून माझं ठाम मत आहे की विसाव्याचा दिवस या दोघांसाठी ठेवायचा. दिवसाचा कुठलाही बेत ठरवताना विचारायचं ते एवढंच: यातून चालवणाऱ्याला आणि रांधणाऱ्याला खरंच विश्रांती मिळते का? बाकीच्यांना फारशी अडचण नसते, ते गाडीत झोपलेलेच असतात.

पुढे सगळं मातारांका या गावाच्या उदाहरणाने सांगते. डार्विनच्या आग्नेयेला सुमारे ४२० किलोमीटरवर, कॅथरिनपासून शंभरेक किलोमीटर अलीकडे हे छोटं गाव आहे. यांगमन आणि मंगराय लोकांची ही भूमी. ॲलिस स्प्रिंग्सहून टेनंट क्रीक सुमारे ५०० किलोमीटर आणि तिथून मातारांका आणखी ५७०. म्हणजे कॅरव्हॅनच्या चालीने तीन-चार दिवस. बरोबर तेव्हाच थांबायची गरज भासू लागते.

१. जागा आधी ठरवा, दोन रात्री एकदम घ्या

तीन दिवस गाडी चालवली की चौथा दिवस थांबायचा, हा हिशोब नवख्यांसाठी पुरेसा आहे. सोबत भारतातून आलेले आई-बाबा किंवा लहान मुलं असतील तर दोन दिवसांनीच थांबा.

थांबायच्या जागेला तीन गोष्टी हव्यात: सावली, नळाचं पाणी आणि चालत जाण्याजोगं काहीतरी. देखावा नसला तरी चालतो. कार्लू कार्लू, म्हणजे डेव्हिल्स मार्बल्स, इथल्या गोल शिळा मावळत्या उन्हात फार सुंदर दिसतात. एक रात्र तिथे जरूर राहा. पण तिथे पाणी नाही, वीज नाही, सगळं आपलं आपण न्यायचं. त्यामुळे विसाव्याचा दिवस तिथे नको. ॲलिस स्प्रिंग्स मोठं गाव आहे, पण तिथे सामान भरणं, टायरवाला, औषधं यांतच दिवस जातो. तो कामाचा दिवस म्हणून वेगळा धरा. कूबर पेडीला जमिनीखालची घरं आणि ओपलच्या खाणी बघायच्या असतात, म्हणजे पुन्हा पायपीट. मातारांकाला झाडी आहे, बारमाही उबदार पाण्याचे झरे आहेत आणि बाकी फारसं काही नाही. याच कारणासाठी ते मला आवडतं.

महामार्गालगतच्या फुकट विश्रांतिस्थळांवर असा दिवस काढायचा विचार करू नका. बहुतेक ठिकाणी २४ तासांची मर्यादा असते आणि रात्रभर ट्रक येत-जात असतात. कॅरव्हॅन पार्कमध्ये विजेची साइट, म्हणजे वीजजोडणी असलेली जागा, घ्या. जून ते ऑगस्ट हा इथला कोरडा आणि गर्दीचा मोसम, त्यामुळे निदान काही दिवस आधी फोन करून दोन रात्री सांगून ठेवा. राष्ट्रीय उद्यानांसाठी बाहेरून येणाऱ्यांना टेरिटरीचा पार्क पासही लागतो. तो घरूनच ऑनलाइन काढा, वाटेत नेटवर्कचा भरवसा नाही.

२. आदल्या दुपारी तीनच्या आत पोचा

विसावा सुरू होतो तो आदल्या दुपारी. अंधारात पोचून, टॉर्चच्या उजेडात कॅरव्हॅन मागे घेत एकमेकांवर ओरडलात, तर दुसऱ्या दिवशीची अर्धी सकाळ रुसवे काढण्यात जाते.

पोचल्या पोचल्या प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन बघा. स्पर्श करायची गरज नाही, जवळ नेला तरी कळतं. चारांतलं एकच चाक जास्त तापलेलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेकची तक्रार आहे. ती अशा दिवशी कळणं चांगलं.

मग तोंड कुठल्या दिशेला करायचं ते ठरवा. इथे आपल्याकडच्यांची हमखास चूक होते. महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, हे अंगात मुरलेलं असतं. इथे तो उत्तरेकडून फिरतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅरव्हॅनचं दार आणि ऑनिंग, म्हणजे बाजूला उघडायचं कापडी छत, डाव्या बाजूला असतं. मातारांकाला जुलैतही दुपारी तिशीच्या आसपास तापमान असतं, म्हणून कॅरव्हॅनचं तोंड शक्यतो दक्षिणेला करा. म्हणजे ऑनिंग पूर्वेला येईल आणि दुपारनंतर कॅरव्हॅनचीच सावली अंगणात पडेल. ॲलिस स्प्रिंग्सला मात्र जुलैच्या पहाटे पारा शून्याजवळ जातो. तिथे तोंड पूर्वेला, ऑनिंग उत्तरेला, म्हणजे दिवसभर ऊन मिळतं. पार्कातल्या साइट आखलेल्या असतात, सगळं मनासारखं होत नाही. पण जागा घेताना दुपारी सावली कुठे असते एवढं विचारलं तरी तिथली माणसं आपणहून चांगली साइट सुचवतात.

लावण्याचा क्रम पाळा. आधी जी बाजू खाली असेल तिच्या चाकांखाली लाकडी ठोकळे टाकून समपातळी, मग कॅरव्हॅनचा हातब्रेक आणि चाकांना अडसर, नंतरच साखळ्या, वायर आणि जोड सोडायचा. चार कोपऱ्यांचे पाय सर्वात शेवटी. ते पाय फक्त हलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर कॅरव्हॅन उचलायला जाऊ नका, वाकतात. समपातळीचा आग्रह झोपेसाठी आहेच, शिवाय गॅस-वीज दोन्हींवर चालणारा जुन्या धाटणीचा फ्रीज कलता असला की थंडच करत नाही. एका रात्रीसाठी लोक जोड न सोडता तसेच झोपतात. दोन रात्रींसाठी मात्र सोडाच, म्हणजे गाडी मोकळी राहते.

विजेची कॅरव्हॅन केबल १५ अँपियरची असते. तिची गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेल्या केबलमधून जास्त वीज ओढली तर ती तापते आणि वितळूही शकते. पाण्याचा पाइप पिण्याच्या पाण्यासाठीचाच हवा, बागेचा नको. पार्कातलं पाणी बोअरचं असतं, तेव्हा पिण्याचं आहे का ते विचारून घ्या. चहाची चव त्यावर ठरते.

ऑनिंग उघडलं की एक कोपरा थोडा खाली ठेवा आणि दोऱ्या जमिनीत पक्क्या ठोका. स्वच्छ उन्हातही अचानक वावटळ उठते आणि ऑनिंग उचलून छपरावर टाकते. बाहेर जाताना आणि झोपताना ते गुंडाळायची सवय लावा.

३. सकाळची कामं, दहाला बंद

विसाव्याच्या दिवशी कामं असतातच. ती नाकारून चालत नाही, पण त्यांना कुंपण घालावं लागतं. आमच्याकडे दहा ही वेळ ठरलेली आहे. दहाला जे उरलं ते उरलं.

टायर सर्वात आधी. हवेचा दाब थंड टायरवरच मोजायचा असतो आणि प्रवासात टायर कायम तापलेले. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा पहाटेचा अर्धा तास म्हणूनच मोलाचा आहे. गाडीचे चार, कॅरव्हॅनचे सगळे आणि स्टेपन्याही. चाकांचे नट पान्याने घट्ट आहेत का तेही याच वेळी बघा. गाडीच्या पुढच्या जाळीत टोळ आणि गवताचं बी अडकून इंजिन तापतं. ते ब्रशने काढा.

गॅस किती उरला हे कळायला सिलिंडरच्या अंगावर वरून खाली कोमट पाणी ओता आणि हात फिरवा. जिथपासून पत्रा गार लागतो, तिथपर्यंत गॅस आहे.

टॉयलेटची कॅसेट, म्हणजे मैला साठणारी काढता येणारी टाकी, त्यासाठी नेमलेल्या डम्प पॉइंटवरच रिकामी करायची, पार्कच्या संडासात नाही. हातमोजे घाला, भरपूर पाण्याने विसळा आणि सेप्टिक टाकीला चालणारंच रसायन वापरा. हे काम चालवणाऱ्याने करावं की रांधणाऱ्याने, यावर घराघरांत वाद होतात. माझं म्हणणं, दोघांनीही नाही. बारा वर्षांवरची मुलं आणि पाहुणे म्हणून आलेला भाऊ यांना हे सहज जमतं.

कपडे पार्कच्या मशीनमध्ये टाका. नाणी जमवून ठेवा, सुटे मिळतीलच असं नाही. इथल्या कोरड्या हवेत चादरीसुद्धा तासाभरात वाळतात. झाडाला दोरी बांधायला काही पार्कांत मनाई असते.

४. आज चूल कुणाची?

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं लोक शिकतात आणि इथे अडतात. सुट्टीचा दिवस म्हटला की घरात फर्माईशी सुरू होतात. आज वेळ आहे, आज मस्त काहीतरी कर. म्हणजे रोज वरण-भात करणारीला आज बटाटेवडे. हे थांबवा.

रोज रांधणाऱ्या माणसाने या दिवशी गॅसला हात लावायचा नाही, हे आदल्या रात्रीच मोठ्याने ठरवा. मग कोण करणार? ज्याला कमी येतं, त्याच्या बेताने जेवण ठरवा. सकाळी दडपे पोहे, त्यांना चूल लागतच नाही, फोडणी तेवढी करायची. दुपारी मुगाची खिचडी, पापड, घरून आणलेलं लोणचं. कुकर असला की दहावीतला मुलगाही ती करतो. मेतकूट, भाजणी, दाण्याची चटणी या तीन बरण्या निघताना सोबत असल्या तर अशा दिवशी कुणालाच फार काही करावं लागत नाही. रात्री गावातल्या पबमध्ये जेवा. शाकाहारी असाल तर तिथे चिप्स, सॅलड, फारतर एखादा व्हेज बर्गर, एवढ्याचीच खात्री धरा.

फोडणी बाहेर करा. एवढ्याशा कॅरव्हॅनमध्ये हिंग-मोहरीचा वास गाद्यांत शिरतो आणि धुराचा अलार्म वाजत राहतो. छोटी शेगडी बाहेर टेबलावर, वाऱ्याच्या आडोशाला, ऑनिंगच्या कापडापासून लांब ठेवा. आगबंदीचा दिवस जाहीर झाला असेल तर बाहेर शेगडी पेटवण्यावरही निर्बंध येतात, ते पार्कच्या ऑफिसात विचारा. आणि थंडीच्या रात्री गॅसची शेगडी पेटवून आतली हवा तापवायची नाही, कधीच नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

पार्कात सगळ्यांसाठी बार्बेक्यूचा तवा असतो. त्यावर आधी मांस भाजलेलं असतं. चालत नसेल तर आपला बिडाचा तवा त्यावरच ठेवा आणि खुशाल थालीपीठ लावा. शेजारचे वासाने येतात, तेव्हा दोन जास्तीची थापा.

पुढचा रस्ता पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे किंवा परत दक्षिण ऑस्ट्रेलियाकडे असेल, तर सीमेवर ताजी फळं आणि भाज्या अडवतात. फळमाशीचा प्रसार थांबवण्यासाठी हे नियम आहेत. पश्चिमेकडे मधही नेता येत नाही. उरलेलं सगळं याच मुक्कामात संपवायला घ्या. टोमॅटोचं सार, मिश्र भाजी, केळ्यांची शिकरण.

५. पाण्यात उतरा, पण पाटी वाचून

मातारांकाला दोन झरे आहेत आणि दोन्ही एल्सी राष्ट्रीय उद्यानात येतात. पाण्याचं तापमान बाराही महिने सुमारे ३४ अंश. बिटर स्प्रिंग्स गावापासून काही मिनिटांवर. तिथे निळसर, नितळ पाण्याचा प्रवाह झाडीतून वाहतो. फोमचा तो लांब दांडा, पूल नूडल, काखेत धरायचा, अंग सैल सोडायचं, पाणी आपोआप पुढे नेतं. खाली शिडीने बाहेर यायचं, पायवाटेने चालत मागे जायचं आणि पुन्हा उतरायचं. चालवणाऱ्याच्या आखडलेल्या खांद्यांना याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

दुसरा मातारांका थर्मल पूल. त्याचा काठ बांधलेला आहे, पायऱ्या आहेत. पोहता न येणाऱ्या आई-बाबांना तिथेच न्या. आईला साडी नेसून कडेला बसायचं असेल तर बसू द्या. पाय सोडून बसण्यातही तेवढंच सुख आहे.

कामं लवकर उरकली तर दहाच्या आधीच जा, नंतर गर्दी होते. पाण्यात उतरण्याआधी सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला, पाणी स्वच्छ राहतं. टेरिटरीच्या उत्तर भागात मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी नद्यांतून फार आतपर्यंत येतात. जिथे पोहायला परवानगी असल्याची पाटी आहे तिथेच उतरायचं. रोपर नदीचा काठ कितीही शांत दिसला तरी तिथे पाण्यालगत भांडी घासू नका. झरा बंद असल्याची पाटी दिसली तर वाद न घालता परत फिरा.

कधीकधी झऱ्याजवळच्या झाडांवर वटवाघळांचे मोठे थवे उतरतात. वास उग्र येतो. लांबून बघा, खाली पडलेल्या पिल्लालाही हात लावू नका. त्यांच्यातून रेबीजच्या जातीचा विषाणू माणसाला होऊ शकतो. ओरखडा आला तर साबण-पाण्याने बराच वेळ धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

६. दुपार

जेवा आणि झोपा.

याच वेळी कुणीतरी म्हणतं की कॅथरिनची घळ सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर तर आहे, जाऊन येऊ. निटमिलुक राष्ट्रीय उद्यानातली ती घळ खरोखर बघण्यासारखी आहे आणि म्हणूनच तिला वेगळा दिवस द्या. आज गाडीची किल्ली पिशवीत खोल ठेवा. मुलांसाठी पत्ते, चित्रांची वही, आधीच उतरवून ठेवलेले एक-दोन सिनेमे. माश्या तोंडावर बसतात, त्यासाठी टोपीवरून घालायची जाळी मिळते. ती स्वस्त असते आणि तिच्यामुळे बाहेर खुर्चीत बसून वाचता येतं. पाणी मात्र तहान लागायची वाट न पाहता पीत राहा.

७. संध्याकाळ

चार-पाचच्या सुमारास लोक खुर्च्या बाहेर काढतात. कॅरव्हॅनवाल्यांत ओळख व्हायला वेळ लागत नाही. कुठून आलात, पुढे कुठे, रस्ता कसा आहे. उलट दिशेने आलेल्या माणसाकडून पुढच्या रोडहाउसवर, म्हणजे महामार्गावरच्या पेट्रोल पंप-खानावळीवर, डिझेल आहे का, कुठे काम चालू आहे, हे सगळं कळतं. चिवडा पुढे करा. डोक्यावर घारी घिरट्या घालत असतात, पुण्या-मुंबईच्या आकाशातली तीच जात. खाण्याची ताटली उघडी ठेवू नका, झडप घालतात.

अंधार पडला की बाहेरचे दिवे बंद करा. जुलैत रात्री आठ-नऊला वृश्चिक जवळजवळ डोक्यावर असतो, त्यातून आकाशगंगेचा जाड पट्टा जातो. नैर्ऋत्येला त्रिशंकू आणि त्याच्याकडे बोट दाखवणारे मित्र, मित्रक. महाराष्ट्रातून उन्हाळ्यात हे दक्षिण क्षितिजाजवळ जेमतेम दिसतात, इथे चांगले वर असतात. त्रिशंकूशेजारी एक काळा डाग दिसतो. अनेक आदिवासी समाज तिथे एमू पक्ष्याचं डोकं पाहतात. त्याची मान आणि धड आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांतून वृश्चिकाकडे पसरलेलं असतं. आई-बाबांना खुर्चीत रेलवून, पांघरूण देऊन हे दाखवा.

८. झोपण्यापूर्वी अर्धा तास

इंधन आजच भरून ठेवा, पण तेवढ्यासाठी अंधारात बाहेर पडू नका, दुपारची झोप झाली की लगेच जा. पाण्याची टाकी भरा. खुर्च्या, दोऱ्या, ऑनिंग आवरून टाका. पहाटे ऑनिंग दवाने ओलं होतं आणि ओलं गुंडाळलं की त्याला बुरशी लागते.

निघायची घाई मात्र करू नका. उजाडायच्या आधी आणि दिवस मावळताना कांगारू रस्त्यावर येतात, बऱ्याच ठिकाणी कुंपणही नसल्यामुळे गुरं डांबरावर बसलेली असतात. ऊन चांगलं वर आल्यावर निघा. सुटताना एकाने कॅरव्हॅनभोवती एक पूर्ण फेरी मारायची: पायरी आत, छपराची झडप बंद, टीव्हीचा अँटेना खाली, गॅस सिलिंडरवर बंद, चारही पाय वर, केबल काढलेली, साखळ्या लावलेल्या, कॅरव्हॅनचा हातब्रेक सोडलेला. मग दुसऱ्याने गाडीत बसून ब्रेक आणि दोन्हीकडचे दिवे दाबून दाखवायचे आणि यूएचएफ रेडिओ, म्हणजे गाड्यांनी एकमेकांशी बोलायचा बिनतारी संच, ४० नंबरवर लावायचा. रोड ट्रेनचे चालक त्यावरच बोलतात, आणि मागून येणाऱ्याला पुढे काढून द्यायचं असेल तर त्यावरूनच सांगता येतं.